विदाउट तिकीट फिरलेलं तण

लहानपणी रुईच्या म्हाताऱ्या उडवल्यात ना? फुंकर मारली की पांढरे केस पिंजारून तरंगत जाणारं बी. ही गोष्ट तशाच एका म्हातारीची आहे, फक्त ही चक्क ट्रेननं फिरली.

सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर पिवळ्या फुलांच्या दोन जातींचा संकर आपोआप होतो. साधारण 300 वर्षांपूर्वी ती संकरित झाडं इंग्लंडला नेऊन ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमध्ये लावली, आणि 1794च्या सुमारास ती बागेतनं निसटून गावातल्या भिंतींवर उगवायला लागली होती. नाव पडलं ऑक्सफर्ड रॅगवर्ट. मग 1844 ला तिथं रेल्वे आली. रुळांखालची खडी आणि इंजिनाची जळकी राख म्हणजे या झाडाला माहेरच की! गाडी धडधडत गेली की म्हाताऱ्या तिच्यामागं ओढल्या जायच्या आणि अशा करत करत पार देशभर पोचल्या.

वाटेत भेटलं तिथलं गावठी तण, ग्राउंडसेल. आता मेख अशी की रॅगवर्टचे क्रोमोसोम (म्हणजे पेशीतली गुणसूत्रं) 20, ग्राउंडसेलचे 40, दोघांकडून निम्मे घेतले की होतात 30, म्हणजे जोड्याच नीट लागत नाहीत, खेचरासारखी गत, झाड होतं पण बी जवळजवळ धरत नाही. पण कधीतरी पेशीत गडबड होऊन सगळे डबल होतात, 60, आणि मग बी धरतं. आईबापाशी मात्र जमत नाही, म्हणजे झाली नवी जात! वेल्समध्ये 1948 ला सापडलेली जात अशीच.

इंग्लंडमधल्या यॉर्कचं प्रकरण वेगळं. 1979 ला तिथल्या स्टेशनजवळच्या कार पार्कात याच दोघांचा एक संकर सापडला, क्रोमोसोम 40च, पण परागण बहुतेक स्वतःचं स्वतःच उरकणारा, त्यामुळे ग्राउंडसेलमध्ये मिसळून गेला नाही. 2003 ला त्याला सेनेसिओ एबोरासेन्सिस असं भारदस्त नाव मिळालं (एबोराकम म्हणजे रोमन काळातलं यॉर्क), आणि तोवर झाडच गायब! 1991 नंतर कुणाला दिसलंच नव्हतं, तणनाशकं मारून मारून संपवलेलं. युनिव्हर्सिटीतल्या एका खिडकीत तीन रोपं होती, तीही मेली, पण जाताना चिमूटभर बी ठेवून गेली आणि ते मिलेनियम सीड बँकेत, म्हणजे बियांच्या तिजोरीत, जपून ठेवलं गेलं.

2023 ला यॉर्कच्या रस्त्यांवर ती पिवळी फुलं परत आली. त्याआधी इतकं जुनं बी उगवतंय की नाही म्हणून 100 बिया लावून बघितल्या होत्या. 98 उगवल्या. तणच ते.