बीएड आहे, पेपर १ पास आहे, तरी पहिली ते पाचवीला अपात्र का?

पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, प्राधान्यक्रम (उमेदवाराला निवडता येतील अशा पदांची यादी) जनरेट झाला आणि शेजारी बसलेली मुलगी गप्पच झाली. बीएस्सी, बीएड, अभियोग्यता चाचणीत बरे गुण, फायलीत २०२१ सालचं सीटीईटी (केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १ चं, म्हणजे पहिली ते पाचवीसाठीचं, प्रमाणपत्र. तरी यादीत पहिली ते पाचवीचं एकही पद नाही. सहावी ते आठवीचंही नाही. नववी-दहावीची तेवढी मोजकी पदं. ती म्हणाली, "सर, प्रमाणपत्र तर आता आजन्म वैध आहे ना?"

आहे. पण प्रमाणपत्र वैध असणं वेगळं आणि पदासाठी पात्र असणं वेगळं. नियम बदलला की बहुतेकांचा घोटाळा नेमका इथेच होतो.

पहिली ते आठवीच्या शिक्षकाची किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई ठरवते. मूळ अधिसूचना २३ ऑगस्ट २०१० ची. महाराष्ट्रात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाने या इयत्तांच्या नेमणुकीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची झाली. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि डीएड (आताचं डीएलएड, प्राथमिक शिक्षकांची पदविका) हा सरळ रस्ता होता. २८ जून २०१८ ला एनसीटीईने दुरुस्ती केली: बीएडवाल्यांनाही पहिली ते पाचवीला नेमता येईल, फक्त नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स (पूरक प्रशिक्षण) करायचा. त्यानंतर हजारो बीएडधारकांनी पेपर १ दिला. ही मुलगी त्यातलीच.

राजस्थान उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण डीएलएडमध्ये मिळतं, बीएडमध्ये नाही, हा त्यामागचा मुद्दा. मला तो पटतो. पण ज्यांनी नियम वाचूनच पेपर १ दिला, त्यांची यात चूक काय, याचं उत्तर कुणी देत नाही.

तेव्हा तारीख बघा. ८ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने स्पष्ट केलं की निकाल पुढच्या काळासाठी लागू आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी, बीएड चालेल असं जाहिरातीत म्हटलेल्या भरतीतून ज्यांची रीतसर नेमणूक झाली, त्यांना संरक्षण मिळालं. ब्रिज कोर्स आहे तो अशा नोकरीत असलेल्यांसाठी, एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालय संस्थेमार्फत. "आधी ब्रिज कोर्स करतो, मग पहिली ते पाचवीला अर्ज भरतो" असा बेत ऐकू येतो. तो कोर्स नव्या उमेदवाराला पात्र करत नाही. त्यासाठी कुणी फी मागत असेल तर खिशात हात घालू नका.

मग त्या मुलीने करायचं काय? पदवीला ५० टक्के आणि बीएड असलेल्याला सहावी ते आठवी खुली आहे, पण त्यासाठी पेपर २ लागतो. तिच्याकडे पेपर १ च आहे, म्हणून ती पदं दिसली नाहीत. राज्याची टीईटी किंवा सीटीईटी, कोणतीही चालते. बीएस्सी असल्याने तिने गणित-विज्ञान गट घ्यावा. राज्याच्या टीईटीत १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बीएड लागतं.

आणि हो, "टीईटी" आणि "टेट" कानाला सारखेच वाटतात, त्यामुळे फोनवर कायम गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची: १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. गुणवत्ता यादी टेटच्या गुणांवर लागते. टीईटीत १३० पडले म्हणून यादीत कुणी वर सरकत नाही.

आता कागद. दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका; डीएलएड किंवा बीएडची सर्व वर्षांची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्र; टीईटी किंवा सीटीईटीचं प्रमाणपत्र; टेटचं गुणपत्रक; अधिवास; आरक्षण घेत असाल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर. नॉन-क्रीमी लेयरवरची मुदतीची तारीख डोळ्यांनी वाचा, ती सहसा ३१ मार्चला संपते. माहेरच्या नावावर शिक्षण आणि सासरच्या नावावर आधार असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र आधीच काढून ठेवा. पडताळणीच्या दिवशी जिल्हा परिषदेत टेबलावर सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीत जातो.

स्व-प्रमाणपत्रात (पोर्टलवर उमेदवार स्वतः भरतो ती माहिती) भरलेलं आणि मूळ कागदावरचं जुळलं पाहिजे. बारावीचे ४९.६ टक्के ५० करून लिहू नका, ते पडताळणीत निघतंच. शिवाय अर्हता जाहिरातीत दिलेल्या तारखेला हातात हवी. "निकाल पुढच्या आठवड्यात आहे" हे तिथे चालतंच असं नाही, त्या जाहिरातीत तशी सवलत आहे का तेवढं बघा.

जे आधीच नोकरीत आहेत त्यांच्यासाठी १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वेगळा आहे. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. ज्यांना पाच वर्षांहून कमी उरली आहेत त्यांची नोकरी राहते, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे.

त्या मुलीने नववी-दहावीची पदं तेवढी लॉक केली. जाताना पेपर २ च्या गणिताचं पुस्तक कुठलं घेऊ, ते विचारून गेली.