पांढरा लोट: धूर की वाफ?

आगीचे फोटो काढणारे बरेचजण फोटोओळीत फसतात. खाली लिहिलेलं असतं, ‘दोन तासांनंतरही गोदाम धुमसत होतं’, आणि वर फोटोत जवान नळी धरून उभे, समोर नुसता पांढरा लोट. पुष्कळदा तो लोट वाफेचा असतो. म्हणजे आग आटोक्यात येऊन कूलिंग, म्हणजे पाणी मारून तापलेला माल गार करणं, सुरू झालेलं असतं. एका भंगाराच्या गोदामाबाहेर मीही हेच केलं होतं. बंबाजवळ दम खात बसलेल्या एका जवानाने माझ्या कॅमेऱ्यात डोकावून म्हटलं, “अहो, हा धूर नाही, आमचंच पाणी आहे.”

धुरात अर्धवट जळलेल्या मालाचे कण असतात, काजळी असते, चिकट थेंब असतात, विषारी वायू असतात. वाफ म्हणजे निव्वळ पाणी. खरं तर वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती गार होऊन झालेल्या बारीक थेंबांचा ढग तेवढा दिसतो. कुकरच्या शिट्टीला अगदी लागून थोडी जागा मोकळी दिसते आणि त्यापुढे पांढरा फवारा सुरू होतो, तसंच. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. त्यामुळे तापलेल्या पत्र्यावर नळीचा मारा बसला की क्षणात अख्खी गल्ली पांढरी होते.

नुसत्या रंगावर विसंबू नका. रबर, प्लास्टिक, डिझेल काळाकुट्ट धूर देतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कापूस, कागदाचे गठ्ठे किंवा गादीतला फोम धुमसतो तेव्हा धूर पांढरट, पिवळट निघतो आणि हुबेहूब वाफेसारखा दिसतो. अशा वेळी लोटाच्या कडा बघा. वाफ थोडी वर जाते आणि हवेत विरते (पावसाळ्यात, दमट हवेत, जास्त रेंगाळते). धूर पातळ होतो पण नाहीसा होत नाही. वाऱ्याबरोबर पलीकडच्या इमारतीपर्यंत पोचतो.

उजेडही चुगली करतो. वाफेचे थेंब त्यामानाने मोठे, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ती पांढरी. पातळ धुराचे कण फार बारीक असतात. मागे काळोख असेल तर असा धूर निळसर दिसतो आणि त्याच्याआड सूर्य आला की तांबूस. हा तांबूसपणा कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची झाक आपोआप सुधारणारी सोय, बऱ्याचदा पुसून टाकतो. मी व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, साधारण ५,२०० केल्व्हिनवर, पक्का करून ठेवतो.

खरा घोळ मात्र कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर घालतो. समोर काहीही असो, त्याला ते मध्यम राखाडी करायचं असतं. चौकट वाफेने भरली की तो फोटो अंधारा करतो, काळ्या धुराने भरली की उजळवतो. घरी येऊन बघावं तर दोन्ही लोट एकाच राखेच्या रंगाचे! वाफेला एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), काळ्या धुराला स्टॉपभर कमी करा. मात्र चौकटीत ज्वाळा असतील तर वाढवताना जपून, त्या लगेच फटफटीत होतात. फ्लॅश दोन्हीकडे बाद: थेंब आणि कण तो परत तुमच्यावरच फेकतात, आणि जवानांच्या कोटावरच्या चमकत्या पट्ट्या डोळे दिपवतात.

लेन्सच्या काचेवर वाफ धरली तर थोडं थांबलं की उडते. काजळी बसली असेल तर आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, कोरड्या फडक्याने घासू नका. आणि उभं राहायचं ते वारा पाठीवर घेऊन, दोरीच्या बाहेर, नळ्या न ओलांडता. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.

सराव करायचा असेल तर १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात प्रात्यक्षिकं बघायला जा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. तिथे ट्रेमध्ये डिझेल पेटवलं तर काळा धूर मिळतो, लाकडांच्या आगीवर पाणी मारलं की वाफ. कधीकधी धुराचं यंत्रही लावतात. त्यातून निघतो तो ग्लायकॉलच्या थेंबांचा ढग, म्हणजे धूरही नाही, वाफही नाही; आणि फोटोत सगळ्यात देखणा तोच दिसतो.