गोबरगॅसचं पोट

मामाच्या गोठ्यामागे गोबरगॅसची विहीर होती. तिच्यावर पालथा घातलेला लोखंडी ड्रम सकाळी चांगला गुडघाभर वर आलेला असे आणि स्वयंपाक उरकेपर्यंत हळूहळू खाली बसे. गॅस किती उरलाय हे दाखवणारा काटा तोच. मामी मागच्या दारातून ड्रमकडे एक नजर टाकायची आणि मगच डाळ शिजत घालायची.

पर्यायी ऊर्जा म्हटलं की सगळे सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांबद्दल बोलतात. मला तो ड्रम आठवतो, कारण त्याच्याइतकी घरातली झालेली ऊर्जा मी दुसरी पाहिलेली नाही.

ती विहीर म्हणजे खरं तर एक पोटच. हवाबंद अंधारात जिवाणूंच्या टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिले शेणातले गुंतागुंतीचे पदार्थ फोडतात, दुसरे त्यांची आम्लं करतात आणि शेवटचे, सगळ्यांत नाजूक, त्यातून मिथेन हा जळणारा वायू बनवतात. तयार झालेल्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. म्हणून याला शेगडीही वेगळी लागते, मोठ्या छिद्राची. किलोभर ताज्या शेणातून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरांचं, तेवढ्याच पाण्यात कालवून घातलं, तर दोन घनमीटर गॅस मिळतो. पंधरा-सोळा दिवसांत एका सिलिंडरचं काम होतं. शिवाय बाहेर पडणाऱ्या मळीत नत्र शाबूत असतं, ती शेताला जाते.

एका दिवाळीत मामाचा गॅस बंदच पडला. गोठा फिनेलने धुतला होता आणि ते पाणी विहिरीत उतरलं होतं. जिवाणू मारायला बनवलेलं औषध जिवाणूंवरच गेलं! मामाने शेजारच्या चालू विहिरीतून चार बादल्या मळी आणून ओतली. दुधाला विरजण लावतात तसंच. निळी ज्योत परत यायला तीन आठवडे लागले. थंडीचे दिवस होते आणि या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते.

ज्यांच्याकडे जनावरं नाहीत त्यांचं काय? देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेले गोबरगॅस उभे केले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारी घरगुती टाकी तयार केली, तिला २००६ मध्ये ॲश्डेन हा शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला. कर्व्यांचा विचार मला फार आवडतो. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेलं अन्न, त्यातला मोठा वाटा गाईने घेतलेला. मग न पचलेलं अन्नच टाकीला दिलं तर? पिठूळ, गोड खरकट्यातून शेणाच्या कितीतरी पट गॅस निघतो आणि तोही लवकर.

आता माझ्या गच्चीवर तशी टाकी आहे. शिळा भात, आंब्याच्या साली, पेज सगळं चालतं, पण बेतानं. एका समारंभानंतर उरलेला बादलीभर भात मी एकदम ओतला आणि टाकीला चक्क ॲसिडिटी झाली. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढले, मिथेनवाले मागे पडले. आठवडाभर तिला उपाशी ठेवलं, थोडं शेण दिलं. नवव्या दिवशी शेगडी फुरफुरली, नळीत साचलेलं पाणी काढलं आणि त्या ज्योतीवर दोन कप चहा झाला.