अंधार किती वेगाने येतो?

नाशकात सूर्य मावळला की साधारण एका मिनिटाने तो त्र्यंबकेश्वरला मावळतो. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत पाव अंशाहून थोडा जास्त फरक आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, हिशेब एवढाच. (त्र्यंबकला ब्रह्मगिरी आड येतो, त्यामुळे तिथे सूर्य आधीच दिसेनासा होतो. इथे आपण सपाट क्षितिज धरलं आहे.) नागपूरकरांचा सूर्यास्त आपल्या सुमारे वीस मिनिटं आधीच झालेला असतो. म्हणजे रात्रीची कड पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत येते आणि नाशिकच्या अक्षांशावर तिचा वेग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर भरतो. प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं. पश्चिमेला जाणाऱ्या विमानालाही ही कड मागून येऊन गाठतेच.

मग अंधाराला वेग आहे असं म्हणायचं का? मुलं हा प्रश्न विचारतात, तेव्हा "अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव, त्याला कसला वेग" असं म्हणून त्यांना गप्प करणं मला पटत नाही. अभाव आहे हे खरंच. पण त्या अभावाची हद्द सरकते, तिचा वेग मोजता येतो, इतकंच काय, तिचा पाठलागही करता येतो. ३० जून १९७३ रोजी शास्त्रज्ञांनी तो केला. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं. चंद्र आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे एक किलोमीटर सरकतो आणि त्याची सावली त्याच वेगाने पूर्वेकडे जाते. खालची जमीनही पूर्वेकडेच फिरत असल्यामुळे जमिनीवरून पाहताना सावलीचा वेग बराच कमी भरतो. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं कॉन्कॉर्ड विमान आफ्रिकेवरून त्या सावलीत राहून उडालं. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती खग्रास स्थिती फार तर सात मिनिटं मिळाली. विमानातल्यांना ७४ मिनिटं मिळाली.

सावलीच्या या वेगाला वरची मर्यादा नाही. ती प्रकाशालाही मागे टाकू शकते. समजा, नाशिकच्या गंगापूर रोडवर तीन किलोमीटरच्या सरळ पट्ट्यात पथदिवे आहेत आणि प्रत्येक दिव्यात स्वतःचं अचूक घड्याळ आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवे ओळीने विझावेत, पण सगळे मिळून सेकंदाच्या पाच दशलक्षांश भागात, अशा वेळा आधीच लावून ठेवल्या आहेत. प्रकाशाला तेवढं अंतर जायला दहा दशलक्षांश सेकंद लागतात. म्हणजे इथे अंधार सेकंदाला सहा लाख किलोमीटर धावला, प्रकाशाच्या दुप्पट! प्रकाशाहून वेगाने काहीही जाऊ शकत नाही, हा आइन्स्टाईनचा १९०५ चा नियम मात्र मोडला नाही, कारण या टोकाकडून त्या टोकाकडे काहीच गेलेलं नाही. पहिला दिवा बिघडून तसाच जळत राहिला, तरी शेवटचा ठरल्या वेळी विझणारच. पहिल्याचं काय झालं हे त्याला कळायला मार्ग नाही. नियम वस्तूला आणि निरोपाला बांधतो, आणि ही धाव या दोन्हींत बसत नाही.

निरोपाची गोष्ट वेगळी. सूर्य या क्षणी अचानक विझला, तर आपल्याला ते सुमारे आठ मिनिटं वीस सेकंदांनी कळेल. शेवटचा किरण पोहोचेपर्यंत ऊन पडलेलंच असेल आणि त्याच्या पाठोपाठ अंधार येईल. या अर्थाने अंधाराचा वेग नेमका प्रकाशाइतकाच आहे, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. प्रकाशाला वेग आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेच अंधाराची वेळ टिपताना. गुरूचा आयो हा उपग्रह साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने या ग्रहणांच्या वेळा तपासल्या. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणं अपेक्षेपेक्षा उशिरा दिसत होती आणि जवळ येताना लवकर. आयोची चाल बदलत नसून त्याच्या ग्रहणाची खबर आपल्यापर्यंत यायला कमी-जास्त वेळ लागतो, असं त्याने १६७६ मध्ये मांडलं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला बावीस मिनिटं लागतात, असा त्याचा अंदाज होता. खरा आकडा सुमारे सोळा मिनिटं चाळीस सेकंद आहे. चूक मोठी आहे, पण प्रकाश क्षणार्धात सगळीकडे पोहोचतो ही समजूत तिथेच ढासळायला लागली.

ही ग्रहणं आजही पाहता येतात आणि त्यांच्या वेळा आधीच गणित करून काढलेल्या मिळतात. लहानशी दुर्बीण आणि शहराच्या झगमगाटापासून दूरची जागा, अंजनेरीच्या बाजूची, एवढं पुरतं. ठरल्या वेळी आयो मंदावत जातो आणि दिसेनासा होतो. गुरू जवळ असेल, तर त्याआधी सुमारे ३५ मिनिटं आयो सावलीत शिरलेला असतो. दूर असेल, तर ५० मिनिटांहूनही आधी.