सबवूफरसाठी भिंतीत काय टाकायचं: स्पीकर वायर की कोॲक्स?

होम थिएटरचं कन्सील वायरिंग करताना पाचही स्पीकरना दोन तारांची वायर जाते आणि त्याच हिशेबानं सबवूफरच्या, म्हणजे खालचे सूर (बास) वाजवणाऱ्या स्पीकरच्या, कोपऱ्यातही तीच नेऊन सोडली जाते. रंगकाम उरकल्यावर सब येतो. मागं बघावं तर बऱ्याच मॉडेलांना ती वायर अडकवायला जागाच नसते, असतं ते फक्त आरसीएचं, म्हणजे ऑडिओ सिग्नलच्या पिनचं, गोल सॉकेट.

बाकीच्या स्पीकरना ताकद रिसीव्हरमधून, म्हणजे ॲम्प्लिफायर असलेल्या मुख्य बॉक्समधून, मिळते. घरगुती सब मात्र बहुतेक ॲक्टिव्ह असतो, म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच. रिसीव्हरकडून त्याला येतो तो जेमतेम व्होल्ट-दोन व्होल्टचा सिग्नल. तो शिल्ड (धातूचं कवच) नसलेल्या तारांतून नेला, की शेजारच्या लाइटच्या वायरची गुणगुण त्यात शिरते. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सबचा पल्ला साधारण २० ते १२० हर्ट्झ. म्हणजे ५० आणि त्याची दुप्पट १००, दोन्ही नेमके त्याच्या हद्दीत. छोट्या स्पीकरवर ऐकूही येणार नाही असा हम इथे खोलीभर घुमतो. म्हणून ॲक्टिव्ह सबला कोॲक्सच हवी, म्हणजे मधल्या तारेभोवती शिल्ड असलेली केबल.

डीटीएचला लागते ती आरजी-६ चालते. ‘सबवूफर केबल’ म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही. फक्त घेताना टोक सोलून बघा. मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या स्टीलची निघाली तरी बिघडत नाही, कारण सबचा इनपुट हजारो ओहमचा असतो, त्यापुढे तारेचा रोध नगण्य. बघायची ती जाळी. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला पातळ फॉइल फारसं कामाला येत नाही, तांब्याची दाट विणलेली जाळी हवी.

स्पीकर वायर लागते पॅसिव्ह सबला, ज्याचा ॲम्प्लिफायर रॅकमध्ये असतो. तिथे प्रश्न जाडीचा. सब ४ ओहमचा आणि अंतर १० मीटर असेल, तर १.५ चौरस मिमीच्या तांब्याचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२७ ओहम होतो, २.५ चा ०.१६. सबच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे इथे ०.२ च्या खाली राहायचं, तर २.५ च घ्यावी.

कोॲक्ससाठी २५ मिमीचा पाइप वेगळा टाका, विजेच्या पाइपापासून फूटभर लांब. ओलांडावाच लागला तर काटकोनात. आरसीए प्लग केबल ओढून झाल्यावर लावा, आधी लावलेला पाइपाच्या बेंडमध्ये अडकतो. आणि झिरी मारलेलीच आहे तर समोरच्या कोपऱ्यातही एक केबल आणि थ्री-पिन पॉइंट देऊन ठेवा, कारण बास कुठल्या कोपऱ्यातून नीट येतो हे सब वाजवल्याशिवाय कळत नाही.