लोणार विवर (भूशास्त्रीय क्षेत्र-अभ्यास)

बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावाला अगदी खेटून असलेला जवळपास गोल खड्डा. रुंदी साधारण १.८ किलोमीटर, काठापासून खोली १४० मीटरच्या आसपास आणि तळाशी खारट, अल्कधर्मी पाण्याचं सरोवर. आकडे पुस्तकागणिक थोडे बदलतात, कारण काठ झिजलेला आहे आणि टेप नेमका कुठून कुठे धरायचा हे प्रत्येकानं आपापलं ठरवलंय. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणात, उल्का आदळून हे विवर झालं असं आज जवळपास सगळे मानतात. पण ते कधी झालं यावर अजून एकमत नाही. देवळं, कमळजा देवीची यात्रा, धारेवरची अंघोळ हे सगळं वाचणाऱ्याला माहीत असेल असं धरून ही नोंद मुख्यतः तिथे झालेल्या फील्डवर्कबद्दल आहे.

जुने उल्लेख

विष्णूनं लवणासुराला इथे मारलं ही कथा सगळीकडे सांगतात, गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच कथेचं. लिखित नोंदींमध्ये ऐन-ए-अकबरीत (१६ व्या शतकाचा शेवट) लोणारचा उल्लेख येतो, तो मुख्यतः काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या खारासाठी. म्हणजे खड्डा कसा झाला यापेक्षा त्यातून काय निघतं यातच सरकारदरबारी रस होता, आणि इंग्रज आल्यावरही बराच काळ तेच चाललं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावर आणि तळात जमणारा खार गोळा व्हायचा, त्याच्या प्रतींना दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. ही नावं जुन्या इंग्रजी कागदांत वेगवेगळ्या स्पेलिंगनं सापडतात, त्यामुळे त्यांचा मूळ उच्चार थोडा अंदाजानंच धरावा लागतो.

युरोपीय लोकांपैकी पहिली नोंद सहसा सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याच्या नावावर टाकतात, साल १८२३. पुढे माल्कमसन यांनी १८४० मध्ये दख्खनच्या भूशास्त्रावर लिहिताना लोणारची दखल घेतली, आणि तिथून प्रश्न बदलला, खड्डा आला कुठून.

उत्पत्तीचा वाद

पहिली शंभरसव्वाशे वर्षं उत्तर एकच होतं, ज्वालामुखी. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ च्या भारतीय भूशास्त्राच्या मॅन्युअलमध्ये हा वायूच्या स्फोटानं झालेला खड्डा मानलाय, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही, कारण चारी बाजूंना शेकडो किलोमीटर लाव्हाच लाव्हा असताना मधल्या गोल खड्ड्याला दुसरं काय म्हणणार. उल्का पडून एवढं मोठं विवर होऊ शकतं हेच तेव्हा कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. अमेरिकेत जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराची पाहणी केली, उल्केचा विचारही केला, आणि शेवटी १८९६ मध्ये वाफेच्या स्फोटाच्या बाजूनं कौल दिला. त्यांनी जोडीला दिलेल्या उदाहरणांत आपलं लोणार होतं! पुढे ॲरिझोनाचं विवर उल्केचंच निघालं आणि मग लोणारकडे नव्यानं बघायला लोकांनी ॲरिझोनाचा आधार घेतला, म्हणजे गाडी उलट्या दिशेनं आली.

मध्ये १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्टी यांचं जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियासाठीचं काम आलं. खडक आणि सरोवराचे क्षार या दोन्हींचा नीट अभ्यास म्हणून ते अजूनही उघडून बघावं लागतं.

ज्वालामुखीच्या बाजूची खरी अडचण वयाची होती. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवर मात्र इतकं ताजं दिसतं की काठ अजून उभा आहे. मग एवढ्या काळानं स्फोट कशाचा झाला? आसपास नवा लाव्हा नाही, राख नाही. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी हे उल्काविवर असावं का असा प्रश्न उघडपणे छापला, शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून.

काठावर काय बघायचं ते इथे सांगायला हवं, कारण हा पुरावा हातोडी-कंपास घेऊन कुणालाही तपासता येतो. बुलढाण्याच्या पठारावर लाव्हाचे थर आडवे पडलेले असतात, चटया एकावर एक अंथरल्यासारखे. विवराच्या भिंतीत असे पाच ते सहा थर मोजता येतात (पाच की सहा यावरही मतभेद आहेत, कारण थर कुठे संपतो हे झिजलेल्या भिंतीत ठरवणं सोपं नाही). काठाजवळ आलं की हेच थर बाहेरच्या बाजूला कलतात आणि काही ठिकाणी चक्क उलटे पडलेत. उलटा आहे हे कसं कळतं, तर लाव्हाच्या थराचा वरचा भाग फेसाळ असतो, गॅसचे बुडबुडे वर येऊन अडकल्यामुळे भोकाभोकांचा, आणि खालचा भाग घट्ट. तो फेसाळ भाग खाली आणि घट्ट भाग वर दिसला की समजायचं पान उलटलंय. पुस्तकाची पानं मधून बाहेर दुमडावीत तसं हे झालेलं आहे. वाफेच्या स्फोटानं असं अजिबात होऊ शकत नाही असं नाही, त्यामुळे नुसत्या काठावर केस जिंकता येत नव्हती.

ॲरिझोनात १९६० मध्ये कोएसाइट सापडलं होतं, क्वार्ट्झवर (गारगोटीच्या खनिजावर) प्रचंड दाब आला की बनणारं खनिज. पण तिथला खडक वाळूचा, क्वार्ट्झनं भरलेला. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच, पोकळ्यांमध्ये नंतर साठलेला सोडला तर. म्हणून लोणारला वेगळी खूण शोधावी लागली आणि ती सापडली फेल्डस्पारमध्ये, म्हणजे बेसाल्टमधल्या एका नेहमीच्या खनिजात. धक्क्याचा दाब पुरेसा असेल तर फेल्डस्पारचा स्फटिक न वितळता काच होऊन जातो, बाहेरचा आकार स्फटिकाचाच राहतो पण आतली रचना गेलेली. याला मॅस्केलिनाइट म्हणतात. मजा म्हणजे हे पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ मध्ये बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत, म्हणजे ज्या खुणेनं लोणार सुटलं तीही भारतात पडलेल्या दगडातूनच आली.

पृष्ठभागावरून पुरेसा पुरावा मिळेना म्हणून सरोवरातच बोअर घेतले गेले. सुमारे १०० मीटर गाळ ओलांडल्यावर खाली फुटक्या दगडांचा चुरा लागला आणि त्यात मॅस्केलिनाइट, धक्का बसलेल्या खडकाचे तुकडे आणि काच. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये हे सायन्स नियतकालिकात मांडलं, आणि तिथे ज्वालामुखीचा मुद्दा जवळपास संपला. फ्रेडरिक्सन अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे, मिल्टन अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्व्हेचे, बाकी दोघं आपल्या जिऑलॉजिकल सर्व्हेचे. १९८० मध्ये फुडाली आणि सहकाऱ्यांनी विवराचं सविस्तर भूशास्त्र दिलं. नंतरच्या नकाशांत काठाबाहेर उडून पडलेल्या मालाची चादर साधारण सव्वा ते दीड किलोमीटरपर्यंत दाखवतात. गावकऱ्यांसाठी तो मुरूमच आहे आणि बरीच शेतीही त्याच्यावर होते, त्यामुळे सपाटीकरणात किंवा विहिरीच्या खणण्यात पुरावा कुठे गेला याचा हिशोब लागत नाही. उल्का पूर्वेकडून तिरकी आली असं खडकांच्या चुंबकीय गुणधर्मांवरून मांडलं गेलंय. ते पटण्यासारखं आहे पण उत्पत्तीइतकं पक्कं धरू नये.

एक दुरुस्ती करायलाच हवी. लोणार हे बेसाल्टमधलं जगातलं एकमेव उल्काविवर असं पाट्यांवर, पेपरात, अगदी पाठ्यपुस्तकी मजकुरातही येतं. ब्राझीलमधली व्हार्जेआओ आणि व्हिस्ता अलेग्रे ही दोन्हीही बेसाल्टमधलीच आहेत. फक्त ती खूप जुनी आणि झिजलेली, लोणार मात्र साध्या वाटीच्या आकाराचं आणि बऱ्यापैकी शाबूत, त्यामुळे चंद्र आणि मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला लोक इथेच येतात, कारण तिथलाही बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचाच. "एकमेव" हा शब्द काढून "सर्वात चांगलं टिकलेलं" एवढं म्हटलं तरी लोणारचं महत्त्व कमी होत नाही.

वय

इथे मात्र मामला घसरतो. १९९७ मध्ये सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धत (नमुना तापवल्यावर त्यात साठलेली ऊर्जा उजेड होऊन किती बाहेर येते त्यावरून वय) वापरून सुमारे ५२,००० वर्षं (६,००० इकडेतिकडे) असा आकडा दिला, आणि तोच बराच काळ सगळीकडे छापला गेला. २०११ मध्ये जॉर्डां आणि सहकाऱ्यांनी वितळून गोठलेल्या खडकावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत (खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू बनून साठणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय) लावली तर वय आलं ५,७०,००० वर्षं (४७,००० इकडेतिकडे). दहापटीपेक्षा जास्त फरक! पद्धतींमधला झोल थोडक्यात असा, की थर्मोल्युमिनेसन्सचं घड्याळ नंतरच्या काळात हळूहळू गळू शकतं आणि वय कमी येतं. उलट आर्गॉनमध्ये साडेसहा कोटी वर्षांच्या जुन्या बेसाल्टचा आर्गॉन पूर्ण न निघता काचेत राहिला तर वय जास्त येतं. दुसऱ्या गटानं हा शिल्लक आर्गॉन हिशोबात धरला आहे, म्हणून त्यांचा आकडा सहज फेटाळता येत नाही. दुसरीकडे काठ आणि उडालेल्या मालाची चादर ज्या स्थितीत आहेत त्यावरून विवर पाच लाख वर्षांचं वाटत नाही असं फील्डवर फिरणारे बरेच जण म्हणतात, आणि नंतरच्या काही मोजणीही काही दशहजार वर्षांकडेच झुकतात.

गाळावरून एक ढोबळ हिशोब करून बघता येतो. सरोवराच्या तळातून काढलेला १० मीटरचा कोअर (नळीनं उभा कापून काढलेला गाळाचा नमुना) साधारण ११,००० वर्षांचा निघाला. त्याच वेगानं १०० मीटर म्हणजे एक लाखाच्या थोडं वर, जे दोन्ही आकड्यांपैकी कशाशीच जुळत नाही. अर्थात खालचा गाळ दाबला गेलेला असतो आणि सुरुवातीला कोसळणाऱ्या भिंतींमुळे भरणा झपाट्यानं होतो, त्यामुळे हा हिशोब टेकू म्हणून ठेवावा, पुरावा म्हणून नाही. एवढंच की या हिशोबात पाच लाखांपेक्षा पन्नास हजारांच्या जवळ बसणं सोपं जातं. तूर्तास दोन्ही आकडे सोबत छापावेत, एकटा ५२,००० छापू नये.

गाळ आणि पाऊस

वर सांगितलेला कोअर वयासाठी नाही तर मान्सूनसाठी काढलेला होता, जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्राच्या आणि भारतीय संशोधकांच्या एकत्र कामातून. विवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही, पाणी येतं ते पावसाचं आणि धार, रामगया, सीतान्हाणी अशा झऱ्यांचं, जातं ते वाफ होऊन. त्यामुळे पाऊस कमी झाला की खार वाढतो आणि गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक पडतात. त्यांचे थर मोजून प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन लांब कोरडे काळ दाखवले, एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या काळात यादवांची देवळं उभी राहिली हे लक्षात घेतलं तर "दुष्काळ म्हणजे ऱ्हास" असं सरळ गणित इथे मांडता येत नाही.

पाणी आणि सूक्ष्मजीव

पाण्याचा पीएच ९.५ ते १०.५ च्या दरम्यान सांगतात, पावसावर अवलंबून. एरवीचा हिरवा रंग स्पायरुलिनासारख्या सायनोबॅक्टेरियाचा. इथून नवे जीवाणूही वर्णन झालेत, उदाहरणार्थ इंडिबॅक्टर अल्कॅलिफिलस, ज्याच्या नावातच भारत आणि अल्क दोन्ही आहेत. जून २०२० मध्ये पाणी काही दिवसांत गुलाबी झालं आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या अख्ख्या महाराष्ट्रानं ते मोबाईलवर बघितलं. उपग्रहाच्या २५ मे आणि १० जूनच्या चित्रांत फरक सरळ दिसतो. वनखात्यानं नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण दिलं खारप्रिय आर्किया, म्हणजे पाणी कमी होऊन खार वाढला की फोफावणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाऊस आला, खार पातळ झाला, रंग गेला. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर (एका बाजूला गोड, दुसरीकडे खारं पाणी) याच पाण्याच्या आणि झऱ्यांच्या सरमिसळीचं उदाहरण म्हणून दाखवतात.

अंबर तळं

मुख्य विवराच्या उत्तरेला सुमारे ७०० मीटरवर ३०० मीटरभर रुंदीचं अंबर तळं आहे, याला छोटं लोणार म्हणतात. उल्केचा तुटलेला तुकडा पडून ते झालं ही कल्पना आकर्षक आहे आणि गाईड ती आवर्जून सांगतात, पण मोठ्या विवरात मिळाला तसा धक्क्याचा पुरावा इथे पुढे आलेला नाही. जवळच्या झोपलेल्या मारुतीची मूर्ती उल्केच्या दगडाची आहे असंही सांगतात. कंपासची सुई तिथे हलते म्हणून. पण लोहखनिज असलेल्या बेसाल्टजवळ सुई तशीही हलते.

वन्यजीव आणि संरक्षण

२००० साली अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ३.८३ चौरस किलोमीटर. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. रामसरच्या नोंदीत १६० जातींचे पक्षी, ४६ सरपटणारे प्राणी आणि लांडग्यासह १२ सस्तन प्राणी दिलेत. उतारावरच्या जंगलात मोर आणि वानरं सहज दिसतात.