बंद पेटीतून आवाज बाहेर येतो कुठून?

भाच्याच्या गाडीसाठी वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, पेटी करून घ्यायची होती, म्हणून गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेलो. कागदावरची मापं त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचली. पुढच्या फळीवर वूफरसाठी एक मोठा गोल, बाजूला वायरीसाठी एक लहानसं भोक, बाकी सगळीकडून पेटी बंद.

"दादा, हवेला वाट कुठे ठेवलीय? चारी बाजूंनी बंद केली तर आवाज बाहेर येणार कुठून?"

प्रश्न रास्त होता. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार पेट्यांना पोर्ट असतो, म्हणजे एखादी नळी किंवा चपटी फट. आवाज त्या भोकातूनच येतो असा समज त्यातूनच होतो. वूफर आणि छोटा ॲम्प्लिफायर (ॲम्प) बरोबरच होता. तो दुकानातल्या बाकावर उताणा ठेवून ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं. पडदा चांगला इंचभर हलत होता, पण ऐकू येत होती फक्त टिपरूची टकटक. मग तोच वूफर प्लास्टिकच्या बादलीच्या तोंडावर बसवला, कड नीट टेकेल असा. ढोलाचा घुमारा दुकानभर झाला. ॲम्पचं बटण कुणी हलवलं नव्हतं.

वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढून निघणारी लाट आणि मागून निघणारी लाट अशा बरोबर एकमेकींच्या उलट असतात. पडदा उघडा असेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून वळसा घालून मागच्या पोकळीत शिरते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक, टोकदार आवाजांचं असं होत नाही, कारण त्यांची लाट इतकी आखूड असते की हवा वळसा घालून पोचेपर्यंत पडद्याने दिशा बदललेली असते. ४० हर्ट्झच्या सुराची एक लाट मात्र साडेआठ मीटर लांब असते. तिच्यापुढे बारा इंची वूफरची कड म्हणजे काहीच नाही. पेटीचं पहिलं काम हेच की मागची लाट पुढे येऊ द्यायची नाही. आवाज पडद्याच्या पुढच्या बाजूनेच निघत असतो. त्याला भोक लागत नाही.

मग पोर्ट कशाला? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की 'हूं' असा एकच सूर निघतो, तो सगळ्यांनी काढलेला असतो. गळ्यातली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. हे वजन त्या स्प्रिंगवर ठराविक वेगानेच झोके घेतं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचं गणित मांडलं. पोर्टवाली पेटी म्हणजे अशीच बाटली. तिच्या ठराविक सुरापाशी मागची वाया जाणारी लाट नळीतून उलटी होऊन बाहेर येते आणि पुढच्या लाटेत मिसळते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या अल्बर्ट थुरास यांना या कल्पनेचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग करणारी बंद पेटी त्यानंतरची आहे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात पडदा मुद्दाम सैल ठेवला होता आणि त्याला जागेवर परत आणायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेकडे दिलं होतं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा रबराच्या स्प्रिंगपेक्षा जास्त समान वागते, त्यामुळे लहानशा पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज निघाला.

इतकं सगळ्या स्पीकरांना लागू आहे. गाडीत एक गोष्ट वेगळी होते आणि माझ्या मते पेटीची निवड तिच्यावरच करायला हवी.

छोट्या हॅचबॅकची आतली लांबी साधारण अडीच मीटर धरा. ७० हर्ट्झच्या खालच्या सुरांची अर्धी लाटसुद्धा एवढ्या जागेत मावत नाही. लाट मावत नसेल तर ती 'प्रवास' करत नाही. गाडीतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि एकदम कमी होतो, जसं सायकलच्या पंपात होतं. अशा स्थितीत सूर जितका खाली जाईल तितका गाडी त्याला जास्त उचलून धरते. गणिताप्रमाणे दर सप्तकाला १२ डेसिबल, म्हणजे दाब चौपट. प्रत्यक्षात दारांचे पत्रे थरथरतात, फटींतून हवा निसटते, त्यामुळे लाभ यापेक्षा कमी पडतो. काच खाली केली की तो आणखी कमी होतो. काच उघडल्यावर खर्ज एकदम पातळ का होतो, याचं कारण हेच.

आता बंद पेटीचा स्वभाव पाहा. तिचा आवाज एका मर्यादेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. पेटी जेवढं खाली सोडते, तेवढंच गाडी वर उचलते! हा मेळ मी पहिल्यांदा कागदावर काढून पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. घराच्या हॉलमध्ये जी बंद पेटी जरा बारीक वाटेल, तीच गाडीत पुरेशी खोल वाजते. पोर्टवाली पेटी आपल्या सुराखाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते, आणि त्या सुरापाशी ती आधीच जोरात असते. त्यावर गाडीचं उचलणं मिळालं की तेवढा एक पट्टा फुगतो. भाच्याच्या पहिल्या तयार पेटीचं हेच झालं होतं. कुठलंही गाणं लावा, खाली एकच 'घुं'. "मामा, सगळ्या गाण्यांचा ढोल सारखाच का वाजतो?" असं त्याने विचारलं, तिथूनच हा सगळा उद्योग सुरू झाला.

त्या पेटीत आणखी एक धोका होता. पोर्टच्या सुराखाली नळीतली हवा पडद्याला रोखत नाही, ती नुसती आतबाहेर करते. पडदा आधाराविना लांब झोके घेऊ लागतो आणि त्याला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मागे आपटते. ॲम्पवर अगदी खालचे सूर कापणारा सबसॉनिक फिल्टर असतो तो यासाठी, आणि पोर्टवाली पेटी असेल तर तो लावलाच पाहिजे. भाच्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. पेटी विकणाऱ्याने फक्त 'जास्त वाजेल' एवढंच सांगितलं होतं. दोन महिन्यांत कॉइल घासायला लागली.

पोर्ट वाईट असतो असा याचा अर्थ नाही. कमी वॉटमध्ये जास्त आवाज हवा असेल, ऐकणं मुख्यतः लांब ओढलेल्या इलेक्ट्रॉनिक खर्जाचं असेल आणि डिकीत जागा असेल, तर तो उत्तम. तबल्याचा डग्गा, पखवाज, ढोल-ताशा ऐकणाऱ्याला मात्र मी बंद पेटीच सुचवेन. थाप पडली की आवाज उठतो आणि वेळेवर थांबतो. मींड घेतलेला डग्गा सुरातून सुरात सरकताना नीट कळतो.

पेटी किती मोठी, हा अंदाजाने ठरवायचा विषय नाही. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफरचा सगळा स्वभाव काही मोजक्या आकड्यांत बसवला. ते आकडे वूफरबरोबरच्या कागदावर असतात. पडद्याचा स्वतःचा सूर म्हणजे एफएस. तो किती लवकर थांबतो ते सांगणारा क्यूटीएस. त्याच्या स्प्रिंगइतकीच ताठ असणारी हवा किती लिटर, ते सांगणारा व्हीएएस. आमच्या बारा इंची वूफरचे आकडे अनुक्रमे ३० हर्ट्झ, ०.४५ आणि ६० लिटर असे होते. बंद पेटीत हा क्यू ०.७ च्या आसपास आला तर आवाज सर्वांत सपाट राहतो. त्यासाठी साधारण ४१ लिटरची पेटी लागते आणि तिचा सूर ४७ हर्ट्झवर येतो. पेटी निम्मी करून २० लिटर केली असती तर क्यू ०.९ आणि सूर ६० हर्ट्झ झाला असता. थोडा फुगवटा आला असता, पण गाडीचा आधार असल्यामुळे तेही चाललं असतं. जागा कमी असेल तर बंद पेटी लहान करायला घाबरू नका. पोर्टच्या पेटीत एवढी सूट मिळत नाही. ५० लिटरच्या पेटीचा सूर ३५ हर्ट्झवर आणायला १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ३१ सेंटिमीटर लांब लागते. ती नळी अरुंद पडून हवा फुसफुसायला लागली म्हणून १५ सेंटिमीटर व्यासाची घ्यावी, तर लांबी पाऊण मीटर होते.

मापं काढताना लाकडाची जाडी विसरली की सगळं गणित फसतं. आमची पेटी मागच्या सीटच्या उताराला टेकेल अशी तिरकी होती. बाहेरून ८० सेंटिमीटर लांब, ३६ उंच, खोली वर १५ आणि खाली २५, म्हणजे सरासरी २०. बाहेरून मोजलं तर साडेसत्तावन्न लिटर. १८ मिलिमीटर एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबून केलेल्या फळीची) जाडी प्रत्येक बाजूने वजा केली की आत उरतात जेमतेम साडेचाळीस. त्यातले दोनेक लिटर वूफरच खातो. आत पॉलिस्टर फायबरचा कापूस सैलसर भरला, त्याने तेवढी भरपाई झाली. कापूस हवेची उष्णता शोषून घेतो आणि परत देतो. त्यामुळे हवेची स्प्रिंग मऊ होते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते.

सुतारकाका म्हणाले, "१२ मिलिमीटरचा प्लाय वापरू, हलकी होईल." तेव्हा त्यांना आकडा करून दाखवला. बारा इंची पडदा एक सेंटिमीटर आत गेला की जवळपास अर्धा लिटर हवा दाबली जाते. ४० लिटरच्या पेटीत त्यामुळे दाब पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो. ऐकायला किरकोळ, पण आमच्या मागच्या फळीवर त्याचं बळ जवळपास ४५ किलोचं पडतं, आणि तेही ४० हर्ट्झच्या सुराला एका सेकंदात ४० वेळा, एकदा बाहेर एकदा आत. फळी लवली की ती स्वतःच वाजते आणि खर्ज मळका होतो. काका क्षणभर फळीकडे बघत राहिले. मग न सांगता त्यांनी मधोमध एक आडवा टेकू दिला आणि सांध्यांना आतून फेविकॉलवर पट्ट्या मारल्या. त्यांना दाब कळला होता.

सांधे हवाबंद आहेत का ते पाहायला आम्ही उदबत्ती वापरली. ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरवायची. धूर सरळ चढत राहिला तर ठीक. वायर जोडायच्या टर्मिनलच्या कपाजवळ तो फुरफुरला. तिथे सिलिकॉन भरलं आणि दुसऱ्या दिवशी धूर शांत झाला.

पेटी डिकीत कुठल्या तोंडाने ठेवायची यावर खूप वाद होतात. साधारण ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा कळत नाही, त्यामुळे वूफर मागे असल्याने काही बिघडत नाही. पण थेट आलेली लाट आणि डिकीच्या दारावरून परतलेली लाट एकमेकींना भेटतात तेव्हा काही सूर वाढतात, काही घटतात. हॅचबॅकमध्ये तोंड मागच्या दाराकडे केल्यावर बहुधा भरीव वाजतं. सेडानमध्ये डिकी आणि माणसं यांच्यात सीट येते, तिथे जास्त खटपट करावी लागते. पेटी पक्की करण्याआधी दोन्ही तोंडांनी ठेवून पुढच्या सीटवर बसून ऐका.

आणि पक्की कराच. वूफर, चुंबक, एमडीएफ मिळून पेटी सहज २५ किलोची होते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर मोकळी पेटी सुमारे ३५० किलो वजनाइतक्या जोराने पुढे जायला बघते. मागच्या सीटवर बहुतेक घरांत मुलं बसलेली असतात. स्टेपनीवर टाकलेल्या पातळ फळीत चार स्क्रू मारले म्हणजे पेटी बसवली, असं होत नाही. ती फळी पेटीसकट उडते. लोखंडी एल-पट्ट्या पत्र्याला नट-बोल्टने, खाली रुंद वायसर देऊन बसवायच्या, किंवा गाडीच्या मूळ हुकांना रॅचेटचा पट्टा आवळायचा. भोक पाडण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. पेट्रोलची टाकी बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या सीटखाली असते आणि ब्रेकच्या नळ्या तिथूनच जातात. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिला किंवा तिच्या व्हॉल्व्हला टेकून पेटी ठेवूच नये. अशा गाडीत सीटखाली बसणारा चपटा ॲक्टिव्ह सबवूफर (ॲम्प आतच असलेला) घ्यावा. त्याचा खर्ज तितका खोल नसतो, पण गाडीच्या मदतीने तो समाधानकारक वाजतो.

वायरचंही तसंच. ५०० वॉटचा ॲम्प पूर्ण जोरात बॅटरीतून ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. बारीक वायर तापते. ४ गेजची तांब्याची वायर घ्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत लावा. तो फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी तोच तुटतो.

पेटी बसल्यावर सुतारकाकांना गाडीत बसवलं आणि भाच्याने पखवाज लावला. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात मागे नेऊन डिकीच्या दाराचं आतलं अस्तर दाबलं आणि म्हणाले, "इथे खडखडतंय." खरंच खडखडत होतं. नंबरप्लेट आणि अस्तराच्या क्लिपांमागे फोमच्या पट्ट्या लावल्या. महिन्याने कार्पेट दबून एल-पट्ट्यांचे नट थोडे सैल झाले होते, ते पुन्हा आवळले.